कम्युनिकेशन थिअरीच्या सात परंपरा: रविवारच्या बैठकीत परत परत येणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी सांगलीतल्या विश्रामबागेत आमच्या घरी नेट-सेटची तयारी करणारी सात-आठ पोरंपोरी येतात, कुणी मिरजेहून, कुणी तासगावहून एसटीनं, आणि चहा होईस्तोवर तेच ते प्रश्न निघतात म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतेय. व्याख्या गाईडमधे मिळतील. मी समोर बसून जसं सांगते तसंच लिहिलंय आणि उदाहरणं बरीचशी २०१९ च्या पुरातली आहेत, कारण हा विषय खऱ्या अर्थानं मला त्या आठवड्यात समजला.

सात परंपरा म्हणजे नक्की काय? आणि सातच का?

रॉबर्ट क्रेग नावाचे अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी १९९९ मधे एक लेख लिहिला, तिथून ही सातची यादी आली. त्याआधीची अवस्था काय होती बघा, एका अभ्यासकानं कम्युनिकेशन थिअरीची सात पाठ्यपुस्तकं तपासली तर त्यात मिळून २४९ थिअऱ्या निघाल्या आणि त्यातल्या १९५ अशा की ज्या फक्त एकाच पुस्तकात आहेत, बाकी सहांत नाहीतच. म्हणजे विषय एक, पण शिकवणारे एकमेकांशी बोलतच नव्हते.

क्रेगनी म्हटलं, कुठली थिअरी बरोबर हे विचारण्यापेक्षा असं विचारा की बोलण्यात नेमकं काय बिघडतं असं हिला वाटतं. त्यावरून सात गट पडले: रेटोरिक (पटवून देण्याची विद्या), चिन्हमीमांसा, फेनॉमेनॉलॉजी (अनुभव जसा जगला जातो तसा बघणारी), सायबरनेटिक (माहिती आणि फीडबॅकची), सामाजिक-मानसशास्त्रीय, सामाजिक-सांस्कृतिक आणि चिकित्सक. सात हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, २००७ मधे क्रेगनीच आणखी एक परंपरा, व्यवहारवादी, ह्यात जोडायला हवी असं मांडलं.

पण एवढं लागतंच कशाला? एकानं सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, झालं की!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि ह्याचं उत्तर मी पुरातूनच देते.

ऑगस्ट २०१९. आमचं जुनं घर गावभागात, सासूबाई तिथंच राहायच्या. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटाला गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. त्या दिवसांत दर तासाला सगळ्यांच्या फोनवर आकडा येत होता, ४३, ४५, ४८. आकडा मिळाला नाही असं कुणीच नव्हतं, समजला नाही असंही नाही, आणि खोटा आहे असंही कुणी म्हणत नव्हतं, तरी आख्खी गल्ली बसून होती. २००५ ला पाणी जिथपर्यंत आलं होतं त्याची भिंतीवर खूण होती आणि सगळ्यांचं म्हणणं एकच, त्याच्या वर काही येत नाही. लोकांनी गहू-तांदूळ माळ्यावर टाकलं, गाद्या पलंगावर रचल्या आणि वाट बघत बसले. पुढं पाणी ५७ फुटांच्या आसपास गेलं.

आता सांगा, सांगणाऱ्यानं सांगितलं, ऐकणाऱ्यानं ऐकलं, मग चुकलं कुठं? ह्या एका प्रश्नाला सात परंपरा सात ठिकाणी बोट ठेवतात आणि मला तरी सातही बोटं खरी वाटतात.

शॅनन-वीव्हरचं मॉडेल हीच बेसिक थिअरी आहे ना, बाकीच्या त्यावरच उभ्या आहेत ना?

नाही. गाईडमधे ते पहिल्या पानावर असतं म्हणून तसं वाटतं. रेटोरिक त्याच्यापेक्षा दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

क्लॉड शॅनन बेल लॅबमधे गणितावर काम करायचे, १९४८ मधे त्यांनी जो पेपर लिहिला तो फोन-तारेच्या लाइनीवरून संदेश बिनचूक कसा जाईल ह्याबद्दल होता. अर्थाचा ह्या इंजिनिअरिंगच्या प्रश्नाशी संबंध नाही हे त्यांनी सुरुवातीलाच लिहून टाकलंय. १९४९ मधे वॉरन वीव्हरनी सोबत लेख जोडून ते पुस्तक झालं आणि लोक ते माणसांच्या बोलण्याला लावायला लागले.

त्यातल्या दोन गोष्टी मात्र सोन्यासारख्या आहेत. एक नॉइज, म्हणजे वाटेत संदेशात मिसळणारा खरखराट, आणि दुसरी रिडंडन्सी, म्हणजे गरजेपेक्षा जास्त सांगून ठेवणं. आपली ‘ध चा मा’ ची आख्यायिका घ्या, ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं. एकाच अक्षरावर एक जीव टांगलेला, म्हणजे रिडंडन्सी शून्य. तेच पत्रात ‘धरावे, कैदेत ठेवावे, इजा करू नये’ असं असतं तर एक अक्षर बदलून भागलं नसतं. पण नीट बघा, आख्यायिकेत तो काही लाइनीतला खरखराट नाही, कुणीतरी मुद्दाम बदललेलं अक्षर आहे. का बदललं, कुणाच्या फायद्यासाठी बदललं, हे शॅननचं मॉडेल विचारू शकत नाही, आणि म्हणून एक परंपरा पुरत नाही.

शॅननच्या पेपरच्याच सालात, १९४८ ला, नॉर्बर्ट वीनर ह्यांचं सायबरनेटिक्सवरचं पुस्तक आलं. तो शब्द ग्रीकमधल्या सुकाणू धरणाऱ्या नावाड्यावरून घेतलाय. नाव थोडी डावीकडं गेली की तो उजवीकडं दाबतो, ती किती वळली ते बघतो, परत दाबतो, हा फीडबॅक. पुरात गाडीवरचा भोंगा ‘स्थलांतर करा’ सांगत गल्लीतून निघून जायचा. म्हाताऱ्या माणसांना कुठं नेणार, जनावरं कुठं बांधायची, हे विचारायला कुणी थांबलेलंच नसायचं. सुकाणू होतं, पण नाव किती वळली हे बघणारं कुणी नव्हतं.

वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९६७ चं प्रसिद्ध वाक्य, संवाद न करणं माणसाला शक्यच नाही, तेही ह्याच सायबरनेटिक घराण्यातलं. घरात कुणी फुगून बसलं की ते काही न बोलता केवढं बोलत असतं हे आपल्याला सांगायला नको.

रेटोरिक म्हणजे भाषणबाजीच ना?

भाषणबाजी हा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो आणि ही शिवी प्लेटोपासून चालत आलीय, त्याला वक्तृत्व शिकवणाऱ्यांचा भयंकर राग होता. त्याचाच शिष्य अ‍ॅरिस्टॉटल मात्र म्हणाला की ही एक विद्या आहे, समोरच्या प्रसंगात पटवून द्यायची साधनं कुठली आहेत हे ओळखण्याची. ती तीन, ईथॉस म्हणजे बोलणाऱ्याची पत, पेथॉस म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनाची अवस्था, आणि लोगॉस म्हणजे मुद्दा. पोरं लोगॉस पाठ करून येतात आणि ईथॉसवर एक ओळ लिहितात, माझ्या मते उलटं हवं.

कारण आमची गल्ली हलली ती एका माणसामुळं. नदीवर आयुष्य गेलेले एक काका, मासे धरणारे, फारसं न बोलणारे. ते गुडघाभर पाण्यातून आले, आमच्या दारात थांबले आणि म्हणाले, "वैनी, पाण्याला ओढ नाय आता. फुगवटा हाय ह्यो. आज उतरायचं नाय. चला, आपण सगळी मिळून जाऊ." एवढंच. पाण्याला ओढ नाही म्हणजे ते पुढं सरकत नाहीये, साचून चढतंय, हे त्यांनी पायाला जाणवलेलं सांगितलं. दिवसभर आकडे ऐकून न हललेली माणसं दहा मिनिटांत पिशव्या भरायला लागली.

ईथॉस तर झालाच, पण ‘आपण’ हा शब्द बघा. भोंगा म्हणत होता ‘नागरिकांनी’. केनेथ बर्क ह्यांनी १९५० मधे लिहिलं की पटवून देण्याच्या मुळाशी आयडेंटिफिकेशन असतं, तू आणि मी एकाच बाजूचे असं वाटणं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत, एकात ऐकणारा बाहेर राहतो आणि एकात आत येतो, त्यामुळं बर्क समजायला आपल्याला वेळ लागायला नको.

सोस्यूर आणि पर्स ह्यांच्यात कायम गोंधळ होतो, सोपं करून सांगा.

दोघंही चिन्हमीमांसेतले. फर्दिनां द सोस्यूर स्विस भाषाशास्त्रज्ञ, त्यांचं पुस्तक ते गेल्यावर १९१६ मधे विद्यार्थ्यांच्या नोट्सवरून निघालं. त्यांच्याकडं चिन्हाचे दोन भाग, चिन्हक आणि चिन्हित, आणि दोघांचं नातं नैसर्गिक नाही, सगळ्यांनी मिळून मानलेलं. पाण्याला पाणीच का म्हणायचं ह्याला कारण नाही. चार्ल्स पर्स अमेरिकन, त्यांचे तीन प्रकार पाठ असू द्यात: आयकॉन म्हणजे सारखं दिसणारं, जसा फोटो, इंडेक्स म्हणजे प्रत्यक्ष संबंध असलेलं, जसा धूर आणि आग, आणि सिम्बॉल म्हणजे ठरवून मानलेलं, जसा शब्द.

आता आमच्या भिंतीवरची खूण. २००५ ला गाळाची तपकिरी रेघ राहिली होती, ती इंडेक्स, पाण्यानं स्वतः काढलेली. नंतर कुणीतरी तिच्यावर ऑइलपेंटनं सरळ पट्टा मारून साल लिहिलं, तिथं सिम्बॉल आला. आणि चौदा वर्षांत त्या पट्ट्याचा अर्थच बदलला, ‘एवढं आलं होतं’ चं ‘एवढंच येतं’ झालं. पाण्याचा इशारा होता तो पाण्याचं वचन झाला. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ ज्याला मिथ म्हणतात, आधीच्या चिन्हावर दुसरा अर्थ चढून तो स्वाभाविक वाटायला लागणं, ते मला त्या भिंतीइतकं स्वच्छ कुठं दिसलेलं नाही.

पण चिन्हांची मजा बघायची तर खरसुंडीच्या यात्रेत बैलबाजारात जावं. लहानपणी तात्यांबरोबर गेलेले. दोन माणसं समोरासमोर उभी, हातावर टॉवेल टाकलेला, टॉवेलाखाली एकानं दुसऱ्याची बोटं धरलेली. तोंडानं ‘नाय नाय’, ‘अहो दात तरी बघा’, आणि खाली किंमत चाललेली. आजूबाजूला पन्नास माणसं उभी, पण भाव फक्त दोघांना माहीत. एक बोट म्हणजे शंभर का हजार हे बोटावर कुठं लिहिलेलं नसतं, ते बैल बघून दोघांना कळतं. चिन्हाचा अर्थ चिन्हात नसतो, मानणाऱ्यांच्यात असतो, हे सोस्यूरच्या आधी मला तात्यांच्या टॉवेलानं शिकवलं.

फेनॉमेनॉलॉजी डोक्यावरून जाते. सोडून दिली तर चालेल का?

सोडू नका. ही परंपरा सुरू करणाऱ्या हुसर्लचं लिखाण अवघड आहे हे खरं, सुरुवात मार्टिन बूबरपासून करा. १९२३ मधे त्यांनी दोन नाती मांडली, मी-ते आणि मी-तू. समोरचं माणूस ‘ते’ असतं तेव्हा मी त्याला हलवायला, पटवायला, वापरायला बघते. ‘तू’ असतं तेव्हा मी त्याच्या समोर असते, बास. इंग्रजीत हे समजावताना जड जातं कारण त्यांचा जवळिकीचा ‘तू’ आता बोलण्यात उरलेला नाही. आपण आईला तू म्हणतो, विठ्ठलाला तू म्हणतो, मूळ जर्मनमधेही तसाच तू आहे.

सासूबाई निघायला तयार नव्हत्या. काका येऊन गेल्यावर सगळी गल्ली निघाली तरी ह्या पलंगावर पाय वर घेऊन बसलेल्या. मी तासभर मुद्दे मांडले, रागावले, रडले पण. मग थकून त्यांच्या शेजारी बसले आणि नुसतं विचारलं, "आई, काय होतंय?" तर म्हणाल्या, "तिथं शाळेत रात्री बाथरूमला किती लांब जावं लागतंय गं? माझा गुडघा." तासभर मी पुराबद्दल बोलत होते आणि त्या गुडघ्याबद्दल गप्प होत्या. पाच मिनिटांत निघालो. जर्मन तत्त्वज्ञ गाडामर म्हणतात की खऱ्या संभाषणात आपण समोरच्याचं म्हणणं आपल्यावर चालू देतो, आपलं आधीचं मत पणाला लागतं. मी त्या तासात काहीच पणाला लावलेलं नव्हतं.

सामाजिक-मानसशास्त्रीय आणि सामाजिक-सांस्कृतिक, नावं सारखीच, फरक काय?

पहिली मोजते. काय केल्यावर काय परिणाम झाला, किती लोकांवर झाला. कार्ल हॉव्हलंड आणि त्यांचा येलचा गट, पॉल लाझर्सफेल्ड ह्यांचा १९४० च्या निवडणुकीतला ओहायोमधल्या इरी काउंटीचा अभ्यास, आणि त्यातून पुढं आलेला टू-स्टेप फ्लो, म्हणजे माध्यमातून आलेली गोष्ट गावातल्या मानलेल्या माणसाकडं येते आणि त्याच्याकडून बाकीच्यांकडं जाते. रायन आणि ग्रॉस ह्यांनी १९४३ मधे आयोवातले शेतकरी हायब्रीड मका कसे घ्यायला लागले ह्याचा अभ्यास छापला: नव्या बियाण्याची पहिली माहिती बहुतेक विक्रेत्याकडून आलेली, पण पेरायचं ठरवताना शेजाऱ्याचं मत वजनदार. तासगाव भागातल्या कुठल्याही द्राक्षवाल्याला विचारा, नवीन औषध आधी कुणाच्या बागेत मारलेलं बघून त्यानं घेतलं, हेच सांगेल.

दुसरी मोजत नाही, ती विचारते की बोलता बोलता आपण आपलं जग कसं उभं करतो. मीड, गॉफमन हे अमेरिकेतले अभ्यासक, आणि माझ्या आवडीचे जेम्स केरी, त्यांनी १९७५ मधे म्हटलं की संवादाकडं फक्त माल पोचवणं म्हणून बघू नका, विधी म्हणूनही बघा. हळदीकुंकवाला जाऊन कुठली नवीन माहिती मिळते? कुठलीच नाही. पण कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही ह्यातून आख्खी गल्ली दरवर्षी नव्यानं ठरते, विधवा बाईला बोलवायचं सुरू केलं की ती गल्ली वेगळी होते. आमच्याकडं ते सुरू झालं त्या वर्षी काही जणी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी आल्या.

लासवेलचं सूत्र ह्यात कुठं बसतं?

कोण, काय, कुठल्या माध्यमातून, कुणाला, काय परिणामानं म्हणतं, हे १९४८ चं. परिणामावर डोळा असल्यामुळं सामाजिक-मानसशास्त्रीयच्या जवळ. दोन मार्काचा प्रश्न आहे, जास्त वेळ घालवू नका.

चिकित्सक परंपरा म्हणजे मार्क्सवादच का?

मूळ तिथं आहे. फ्रँकफर्टची संस्था १९२३ ची, होर्कहायमर आणि अडोर्नो ही मोठी नावं, पुढं हाबरमास, १९८१ चं त्यांचं मोठं पुस्तक. त्यांचा प्रश्न असा की हे बोलणं मोकळं आहे का, का आधीच कुणाचं तरी तोंड बांधलंय? स्टुअर्ट हॉल ह्यांनी १९७३ मधे मांडलं की पाठवणारा एका अर्थानं पाठवतो पण घेणारा तो जसाच्या तसा घेईल असं नाही, अर्धा मानेल किंवा उलटाच वाचेल.

पण ही परंपरा फक्त जर्मनीची असं मी शिकवत नाही. १८७३ मधे सत्यशोधक समाज निघाला, १८७७ मधे ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र सुरू झालं, आणि पुढं सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा लोकांच्या ओळखीचा साचा उचलून त्यात शेतकऱ्याचे प्रश्न घातले. आपल्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे ह्यांनी तमाशाचं लोकनाट्य केलं. कुठल्या व्यासपीठावर कुणाला उभं राहता येतं हा प्रश्न ह्या माणसांनी आधी जगून बघितला.

पूर ओसरल्यावर पंचनामे झाले. आमच्याकडं कामाला येणाऱ्या ताई दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या, सगळं वाहून गेलेलं. त्यांना पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर? तिथंच त्यांचं बोलणं संपलं. बोलू दिलं नाही असं कुणी म्हणणार नाही, पण कागदावर त्यांच्या उत्तराला जागाच नव्हती.

ह्यात भारतीय काहीच कसं नाही?

क्रेगची यादी पाश्चात्त्य विचारांवर उभी आहे आणि ही टीका योग्य आहे. भरताचं नाट्यशास्त्र, भट्टनायकांचं साधारणीकरण, म्हणजे एकाचा भाव सगळ्यांचा होणं, ‘सहृदय’ ही कल्पना, म्हणजे ऐकणाराही तयार असावा लागतो, ह्यावर भारतातल्या आणि नेपाळमधल्या अभ्यासकांनी संवादाची मॉडेल्स मांडलीत. नवव्या शतकातल्या आनंदवर्धनांचा ध्वनिसिद्धांत सांगतो की काव्याचा जीव सुचवलेल्या अर्थात असतो. अभिधा, लक्षणा, व्यंजना शाळेत शिकलात ना? ‘लेकी बोले सुने लागे’ हे पर्सच्या तीन प्रकारांत बसवून बघा, बसत नाही. तिथं शब्द एकीला, अर्थ दुसरीला, आणि दोघींनाही माहीत की काय चाललंय. व्यंजनेनं ते एका वाक्यात सुटतं.

मात्र ‘आपल्याकडं सगळं आधीच होतं’ असं लिहू नका. रससिद्धांत नाटकाच्या प्रेक्षकाबद्दल आहे, पंचनाम्याच्या कागदाबद्दल नाही, तो तिथवर न्यायचा तर मधलं काम आपल्यालाच करावं लागेल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मधे ह्याच सांगलीत नाटक उभं केलं, त्या प्रेक्षकांपासून सुरू करून कुणी हे काम केलं तर मी स्वतः सोबत बसायला तयार आहे.

माझ्या प्रोजेक्टला कुठली परंपरा घेऊ?

मागच्या महिन्यात आटपाडीच्या एका मुलीनं विचारलं, तिला डाळिंबवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काम करायचंय. तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना: परंपरा आधी निवडू नका. ग्रुपवर झालेलं एक भांडण घ्या, एकच, आणि कोण किती वाजता काय म्हणालं, कोण वाचून गप्प बसलं, कुणी नंतर फोन केला, हे जसंच्या तसं वहीत लिहा, नावं बदलून आणि त्या लोकांना विचारून. मग स्वतःला विचारा, इथं नेमकं काय बिघडलं असं मला वाटतंय. निरोप चुकीचा पोचला, का सांगणाऱ्याची पत नव्हती, का ज्याचं नुकसान झालं त्याला ग्रुपमधे घेतलेलंच नव्हतं. ती वही घेऊन रविवारी नऊला या, पोहे असतात.